पेड सर्व्हे भरून तासाला नक्की किती सुटतात?

प्रश्न सरळ आहे: दुपारचे दोन-तीन तास मोकळे असतात, हातात स्मार्टफोन आहे, तर ऑनलाइन सर्व्हे भरून महिन्याला पाच-दहा हजार सुटतील का? आणि या साइट खरंच पैसे देतात की सगळी फसवाफसवीच असते?

खऱ्या साइट आहेत आणि त्या पैसे देतात. पण पाच-दहा हजार नाहीत. भारतात राहून, एकाच नावाने, खरी माहिती देऊन दोन-तीन साइटवर नियमित सर्व्हे भरणाऱ्याच्या हाती महिन्याकाठी काहीशे रुपये येतात. हजाराचा आकडा ओलांडला तर महिना चांगला गेला म्हणायचं. एका सर्व्हेचे किती मिळतात हे सगळे विचारतात. जे सर्व्हे अर्धवट राहिले, जिथून बाहेर काढलं गेलं, त्यांत किती वेळ गेला हे कोणी मोजत नाही. खरा हिशोब तिथे आहे.

आधी पैसा कुठून येतो ते पाहा. एखाद्या साबण कंपनीला नव्या वेष्टनाबद्दल लोकांचं मत हवं असतं. ती मार्केट रिसर्च एजन्सीला काम देते. एजन्सी प्रश्नावली बनवते, पण उत्तरं देणारी माणसं तिच्याकडे नसतात, म्हणून ती ‘सॅम्पल’ विकत घेते: मुंबई-पुण्यातल्या २५ ते ४० वयाच्या, घरचा किराणा स्वतः ठरवणाऱ्या ३०० बायका, अशी ऑर्डर. हा व्यवहार आता बराचसा सिंटसारख्या एक्स्चेंजवर, म्हणजे सॅम्पलच्या ऑनलाइन बाजारात, होतो. स्वीडनच्या या कंपनीने २०२१ मध्ये ल्युसिड हा आपला मोठा स्पर्धकही विकत घेतला. तुमची सर्व्हे साइट अशा एक्स्चेंजला माणसं पुरवणाऱ्या अनेकांपैकी एक असते. म्हणूनच पाच साइटवर नाव नोंदवलं तरी तोच सर्व्हे पाचही ठिकाणी दिसतो, आणि एका ठिकाणी भरला की बाकी चार ठिकाणी ‘तुम्ही हा आधी भरला आहे’ म्हणून दार बंद होतं. साइट वाढवल्या की कमाई त्याच पटीत वाढत नाही, ती यामुळे.

पूर्ण झालेल्या प्रत्येक सर्व्हेमागे एजन्सी जो दर मोजते त्याला या धंद्यात सीपीआय म्हणतात. सर्व्हे किती मिनिटांचा आणि हवा असलेला माणूस किती दुर्मीळ, यावर तो ठरतो. त्यातला वाटा एक्स्चेंज घेतं, साइट घेते, उरलेलं तुमच्या खात्यात पॉइंट म्हणून उतरतं, ज्यांचे नंतर पैसे किंवा व्हाउचर होतात. अमेरिकेतल्या माणसाचा दर भारतातल्या माणसापेक्षा मुळातच जास्त असतो. यूट्यूबवर ‘एका सर्व्हेचे पाच डॉलर’ म्हणून दाखवले जाणारे स्क्रीनशॉट बहुधा तिथले असतात. शिवाय व्हिडिओ करणाऱ्याची कमाई सर्व्हेची नसतेच, व्हिडिओखालच्या रेफरल लिंकची असते.

सर्व्हे उघडला की पहिले दहा-बारा प्रश्न सर्व्हेचे नसतात, ती चाळणी असते. वय, लिंग, शहर, पिनकोड. मग एक ठरलेला प्रश्न: तुमच्या घरातलं कोणी जाहिरात, मार्केट रिसर्च, वृत्तपत्र-टीव्ही किंवा या उत्पादनाच्या धंद्यात आहे का? ‘आहे’ म्हटलं की बाहेर, कारण आतल्या माणसाचं मत ग्राहकाचं मत धरत नाहीत. गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत याच विषयावरचा सर्व्हे दिलाय का? दिला असेल तरी बाहेर.

नंतर येते ती यादी, जी भारतात सर्व्हे भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेली असते: वीज, पंखा, गॅस, टू-व्हीलर, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, कार, एसी, शेतजमीन. यांतलं घरात काय काय आहे त्यावर खूण करा. लोकांना ही उगाच चौकशी वाटते. ती एनसीसीएस नावाची वर्गवारी आहे, २०११ पासून वापरात आलेली. या ११ पैकी किती गोष्टी घरात आहेत आणि घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती, या दोहोंवरून कुटुंब ए१ पासून ई३ पर्यंतच्या १२ पायऱ्यांपैकी एकीवर बसवलं जातं. कंपनीला ए आणि बी हवे असले आणि तुम्ही सी१ मध्ये बसलात, की तिथेच आभार मानून निरोप.

एसी नसताना खूण केली तर वरच्या पायरीवर जाता येईल, हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. करू नका. तुमची आधीची उत्तरं साइटच्या प्रोफाइलमध्ये साठलेली असतात. मार्चमधला एसी मेमध्ये गायब झाला, किंवा मुलाचं वय सहा महिन्यांत चार वर्षांनी वाढलं, की खात्यावर खूण बसते. असं खातं लगेच बंद करत नाहीत. तुम्ही पैसे काढायला जाता तेव्हा बंद करतात, आणि तोवरची मेहनत वाया जाते.

शहराचाही प्रश्न असतो. शहरी ग्राहकांचे बरेच सर्व्हे मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशा मोजक्या शहरांपुरते असतात; लातूर किंवा चिपळूणच्या माणसाला पिनकोड टाकताक्षणी नकार येतो. त्यात त्याची चूक काहीच नाही, पण मिनिटं त्याचीच जातात. आणि कोटा असतोच. ३०० बायकांत ३१ ते ३५ वयाच्या ८० हव्या असतील तर ८१ वी, कितीही योग्य असली, तरी घेतली जात नाही. आमंत्रणाचा मेल येऊन पाच-सहा तास उलटले असतील तर मुंबई-पुण्याचे कोटे बहुतेक भरलेले असतात.

आता तासाचा हिशोब मांडू. समजा यादीत ₹४० चा, १५ मिनिटांचा सर्व्हे दिसतोय. तो मिळेपर्यंत तुम्ही आणखी पाच उघडता. चारांत चाळणीतच बाहेर पडता, प्रत्येकी अडीच मिनिटं: १० मिनिटं. पाचव्यात सहा मिनिटांनी ‘कोटा पूर्ण’. सहावा होतो, पण १५ चे २० लागतात, कारण सांगितलेला वेळ सरासरीचा असतो आणि मोबाइलवर लांबलचक तक्ते भरायला जास्तच जातो. एकूण ३६ मिनिटं, हाती ₹४०. तासाला साधारण ₹६७. दहांतला एखादा सर्व्हे नंतर रद्द होतो, तो वजा केला की ₹६०. यात नेटचा खर्च धरलेला नाही, आणि हा दिवस बरा गेलेला दिवस आहे. तुमच्या शहरात, तुमच्या वयाला लागू पडणारे सर्व्हे रोज तीन तास पुरतील इतके नसतातच. नवीन खात्यावर पहिल्या आठवड्यात भरपूर दिसतात, कारण आधीपासून चालू असलेले सगळे एकदम समोर येतात. ते संपले की रोजचे एक-दोन उरतात. पहिल्या आठवड्याला चारने गुणून महिन्याची कमाई काढणाऱ्याचा हिरमोड ठरलेलाच.

सर्व्हे पूर्ण होऊनही पैसे का बुडतात, हे समजून घ्यायला लिंककडे बघा. सर्व्हे उघडताना पत्त्याच्या ओळीत आकड्या-अक्षरांची एक लांब माळ येते, तो तुमचा त्या वेळचा व्यवहार क्रमांक. शेवटचा प्रश्न झाला की सर्व्हे तुम्हाला साइटवर परत पाठवतो आणि सोबत निकाल कळवतो: पूर्ण, अपात्र, कोटा भरला, किंवा दर्जात नापास. परतीचा हा टप्पा झाला नाही, म्हणजे मध्येच बॅटरी गेली, मागचं बटण दाबलं, जाहिराती अडवणाऱ्या ॲपने पान रोखलं किंवा ‘धन्यवाद’ दिसताच तुम्ही टॅब बंद केला, तर साइटच्या दृष्टीने तुम्ही सर्व्हे भरलेलाच नाही. शेवटच्या पानावर पाच-दहा सेकंद थांबा, साइटचं स्वतःचं पान उघडून पॉइंट दिसू द्या. मोठ्या रकमेचा सर्व्हे असेल तर सुरुवातीला आणि शेवटी, पत्त्याची ओळ आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तक्रार करताना ‘पैसे आले नाहीत’ एवढंच लिहिलं तर साचेबंद उत्तर येतं. व्यवहार क्रमांक दिला तर निदान शोधता येतं.

पॉइंट जमा होऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी वजा झाले तर त्यालाही कारण असतं. एजन्सी काम संपल्यावर सगळी उत्तरं तपासते आणि निकृष्ट वाटलेल्या क्रमांकांची यादी परत पाठवते. त्यांचे पैसे साइटला मिळत नाहीत, म्हणून साइट तुमच्याकडून काढून घेते. निकृष्ट कसं ठरवतात? १५ मिनिटांचा सर्व्हे चार मिनिटांत उरकला तर. तक्त्यात सगळीकडे ‘सहमत’ची एकच उभी रांग ओढली तर. मध्येच ‘या ओळीत अजिबात सहमत नाही निवडा’ असा प्रश्न टाकलेला असतो, तो न वाचता गेला तर. यादीत अस्तित्वात नसलेला ब्रँड घुसडलेला असतो, तो ‘गेल्या महिन्यात वापरला’ म्हटलं तर. आणि मोकळ्या रकान्यात ‘गुड’, ‘नाइस’, ‘चांगला आहे’ एवढंच लिहिलं तर. चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं उत्तर चिकटवलं तरी पकडलं जाऊ शकतं, कारण त्या रकान्यात टाइप किती झालं आणि पेस्ट किती, याची नोंद ठेवता येते. ‘वास आवडला, पण पाकीट फाडताना पावडर सांडते’ असं एक खरं वाक्य पुरतं.

सर्व्हे दहा-बारा मिनिटं चालवून ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणणारे मात्र तुमच्या चुकीने तसं म्हणतात असं नाही. कधी प्रश्नावली गचाळ बांधलेली असते, कधी कोट्याची तपासणी उशिरा ठेवलेली असते. अशा वेळी काही साइट नावापुरते दोन-चार पॉइंट देतात. एखाद्या साइटवर हे वरचेवर होत असेल तर तिथे थांबण्यात अर्थ नाही, दुसरी बघा.

साइट निवडताना दोन प्रकार वेगळे ओळखा. पहिला, स्वतःचं पॅनेल, म्हणजे उत्तरं देणाऱ्या सभासदांचा गट, चालवणाऱ्या संशोधन कंपन्या: यूगव्ह, टोलुना, बंगळूरच्या बॉर्डरलेस ॲक्सेसचं द पॅनेल स्टेशन. इथे सर्व्हे कमी, पण नाकारलं जाण्याचं प्रमाणही तुलनेने कमी. दुसरा, स्वॅगबक्स किंवा वायसेन्ससारख्या, जिथे सर्व्हेसोबत ॲप उतरवा, गेम खेळा, खातं उघडा अशीही कामं असतात आणि सर्व्हे एक्स्चेंजवरून येतात. इथे यादी भरगच्च दिसते, पण नकार जास्त. त्यातली कार्ड काढा, कर्जाचं ॲप घ्या, गेममध्ये पैसे भरा अशी कामं सरळ सोडून द्या; बक्षिसापेक्षा मागचा मनस्ताप मोठा.

गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स या दोहोंपेक्षा वेगळं आहे. दोन-चार प्रश्न, अर्ध्या मिनिटाचं काम, चाळणीची कटकट जवळजवळ नाही. बदल्यात अँड्रॉइडवर काही रुपयांचं प्ले क्रेडिट (गूगल प्लेवरच्या खरेदीलाच चालणारी रक्कम) मिळतं, रोख नाही, आणि ते वर्षभरात वापरलं नाही तर जातं. प्रश्न बऱ्याचदा तुम्ही कोणत्या दुकानात गेला होता यावर येतात, म्हणजे लोकेशन चालू ठेवावं लागतं. ते चालत असेल तर वेळेच्या हिशोबात याच्याइतकं किफायतशीर दुसरं नाही. गूगल वनचा हप्ता किंवा एखादं ई-पुस्तक त्यातून निघून जातं.

पैसे काढण्याचा नियम एकच: किमान रक्कम झाली की काढा, साठवू नका. पॉइंट बँकेतले पैसे नव्हेत. खातं काही महिने वापरलं नाही तर ते रद्द होतात, आणि मध्येच दर बदलला तर दाद मागायला जागा नाही. पहिल्या दिवशीच बघून घ्या: किमान किती पॉइंटला किती रुपये, आणि कशात? यूपीआय किंवा बँकेत येत असतील तर उत्तम. ॲमेझॉन-फ्लिपकार्टचं व्हाउचर तिथे नेहमी खरेदी करणाऱ्यालाच रोखीइतकं. पेपॅल असेल तर पॅन लागतो, आणि डॉलरचे रुपये पेपॅलच्या दराने होतात. तो बाजारभावापेक्षा कमी असतो, त्यामुळे लहान रकमेत कात्री जाणवते. भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवा पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. बाहेरून आलेली रक्कम मात्र आपोआप तुमच्या बँक खात्यात येते. खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नाआधीचं नाव पॅनवर आणि सासरचं नाव साइटवर, एवढ्यावरून पैसे अडकतात. एकाच वाय-फायवरून नवरा-बायको-मुलगा तिघांनी खाती उघडली तरी अडकतात. ‘एका घरात एक खातं’ असा नियम अनेक साइटवर असतो. व्हीपीएन लावून अमेरिका दाखवणं, किंवा न्यू जर्सीतल्या भावाचा पत्ता देणं, याचाही शेवट खातं बंद होण्यातच. आणि हो, हे उत्पन्नच आहे, व्हाउचर असलं तरी. विवरणपत्र भरत असाल तर ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात दाखवा.

फसवणुकीची खूण सोपी आहे. संशोधन कंपनीला तुमचं मत हवं असतं, म्हणून पैसा तिच्याकडून तुमच्याकडे येतो. उलट दिशेला एक रुपयाही मागितला, मग त्याला नोंदणी म्हणा, अनामत म्हणा, की प्रशिक्षण, तर तो सर्व्हेचा धंदा नाही. २०११ मधलं स्पीक एशिया आठवत असेल. सिंगापूरमध्ये नोंदवलेली कंपनी, ₹११,००० भरून वर्षाची वर्गणी घ्यायची, आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकी ₹५००. म्हणजे वर्षाला ₹५२,०००, आणि नवा माणूस आणला की वर कमिशन. कुठल्याही कंपनीला त्याच त्या लाखो लोकांचं मत आठवड्यातून दोनदा ₹५०० देऊन घेण्याची गरज नसते, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी उलगडा झाला असता. सर्व्हेचे पैसे नव्या सभासदांच्या वर्गणीतून येत होते. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं तेव्हा आकडा दोन हजार कोटींच्या वर पोहोचला होता.

आताचा अवतार टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर आहे. हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, छोटा सर्व्हे भरा, आणि खरोखर ₹१५०-२०० खात्यात येतात. ते आमिष असतं. मग ‘प्रीपेड टास्क’: दोन हजार भरा, अठ्ठावीसशे घ्या. तेही एकदा मिळतात. त्यानंतर रक्कम वाढते आणि काढायला गेलं की ‘कर भरा’, ‘टास्क अपुरा’ सुरू होतं. सुरुवातीचे ते दोनशेही कधी कधी दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात, आणि मग तुमच्याच बँक खात्यावर पोलिसांची गोठवणी येऊ शकते. आणखी एक प्रकार घरबसल्या फॉर्म भरण्याचा: ऑनलाइन करारावर सही घेतात, शेकडो फॉर्म भरून घेतात, शेवटी ‘अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी’ म्हणून नापास करतात, आणि दोन दिवसांनी ‘वकिलाचा’ फोन येतो की करारभंगाचे पाच-सहा हजार भरा नाहीतर केस. तो वकील खोटा, नोटीसही खोटी. घाबरून काही भरू नका, सगळे मेसेज जपून ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पुढच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत कळवलं तरच ती अडवता येते. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. आधार क्रमांक, कार्डाचा सीव्हीव्ही, ओटीपी यांची खऱ्या सर्व्हेला कधीच गरज नसते. उत्पन्न विचारतात, पण गटात: अमुक ते अमुक हजार.

मग कोणी भरावेत? बसच्या प्रवासात, रांगेत, टीव्हीसमोर जो वेळ जातोच, त्यात भरणाऱ्याचं काही नुकसान नाही. ठरवून दोन तास बसणाऱ्याचं आहे. तेवढ्या वेळात घेतलेली एखादी शिकवणी किंवा दिलेले दोन डबे जास्त मिळवून देतात. अपवाद आहेत. डॉक्टर, कंपनीत सॉफ्टवेअर किंवा यंत्रखरेदी ठरवणारे, ठरावीक आजाराचे रुग्ण यांचे सर्व्हे दुर्मीळ माणसाच्या दराने असतात, आणि ते साध्या साइटपेक्षा त्या-त्या व्यवसायाच्या पॅनेलवर मिळतात.

मुंबई-पुण्यात राहत असाल तर एजन्सीच्या गटचर्चा पाहा. सात-आठ लोक, दीड-दोन तास, एखाद्या उत्पादनावर बोलायचं, आणि जाताना पाकीट किंवा व्हाउचर. महिनोन् महिने सर्व्हे भरून जे जमतं ते एका बैठकीत मिळू शकतं. वस्तू घरी पाठवून दोन आठवडे वापरायला सांगणाऱ्या चाचण्याही असतात. पॅनेलच्या प्रोफाइलमध्ये ‘प्रत्यक्ष चर्चेस तयार’ अशी खूण असेल तर ती जरूर करा. मराठी बोलणाऱ्यांसाठी आवाजाचे नमुने देण्याचं कामही अधूनमधून निघतं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कार्य या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या आमले गावात आणि मुंबईच्या कुंभारवाड्यात लोकांनी फोनवर मराठी वाक्यं वाचून पैसे मिळवले होते. चाळणीत वेळ जात नसल्याने असं काम आलं तर सर्व्हेच्या आधी ते घ्यावं.

तरीही करूनच बघायचं असेल तर वेगळा ईमेल पत्ता काढा, जास्तीत जास्त तीन साइट घ्या, प्रोफाइलचे सगळे प्रश्न पहिल्याच दिवशी खरे भरा, कारण त्यावरच आमंत्रणं ठरतात. मग दोन आठवडे वहीत चार रकाने ठेवा: साइट, मिनिटं, निकाल, रुपये. नकार आलेल्यांची मिनिटंही लिहा. शेवटी रुपयांना तासांनी भागा आणि एक तरी रक्कम प्रत्यक्ष खात्यात आणून दाखवा. जिचा दर तुम्हाला पटत नाही ती साइट त्याच दिवशी सोडा. सोडताना आधी पॉइंट काढून घ्या, कारण खातं बंद होताच ते जातात. नुसतं ॲप काढून टाकू नका, सेटिंगमध्ये जाऊन खातं आणि माहिती पुसण्याची विनंती करा, आणि पुष्टीचा मेल येईपर्यंत तो ईमेल पत्ता चालू ठेवा.